शहाण्णव लाखांची इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार आणि मराठवाड्यातले रस्ते : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरातलं एक उद्योजक कुटुंब. वाळूजला यंत्रकामाचा कारखाना आहे आणि तिथे दुचाकी-चारचाकींच्या गिअरबॉक्ससाठी शाफ्ट बनतात. घर बीड बायपासला लागून, मूळ गाव अंबड तालुक्यात. गावाकडे शेती आहे, त्यामुळे महिन्यातून दोन-तीन फेऱ्या ठरलेल्या. कामासाठी मुलाला चाकणला महिन्यातून दोनदा जावं लागतं, मुंबईला अधूनमधून. घरात आधीपासून एक डिझेल एसयूव्ही होती. ओळख पटू नये म्हणून नावं, गाडीचं मॉडेल आणि काही तपशील इथे गाळले आहेत.

महागड्या गाड्यांचं या शहराला नवल नाही. २०१० मध्ये इथल्या व्यावसायिकांनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज एकाच वेळी घेतल्या, त्या सुमारे ६५ कोटींच्या होत्या. पण त्या गाड्यांना इंधन कुठल्याही पंपावर मिळत होतं आणि त्यातल्या बहुतेक गाड्या गावच्या रस्त्यावरही चालत होत्या. इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कारला या दोन्ही गोष्टी गृहीत धरता येत नाहीत, आणि या प्रकरणातली जवळजवळ प्रत्येक अडचण तिथूनच निघाली.

२०२४ च्या दिवाळीत मुलानं २०२२ सालची, १९ हजार किलोमीटर चाललेली चार दारांची इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार पुण्यातून ९६ लाखांना घेतली. पुढे एक आणि मागे एक अशा दोन मोटरी, ८०० व्होल्टची बॅटरी, वापरता येण्याजोगी क्षमता सुमारे ८४ युनिट, हवेचं सस्पेन्शन, २१ इंची चाकं, वजन सव्वादोन टनांच्या वर. वडिलांचा प्रश्न तेव्हाच होता, “गावाकडं नेता येत नसंल, तर कशाला घ्यायलास?” त्या प्रश्नाचं उत्तर टोकन देण्याआधी कुणी शोधलं नाही.

ओढ कशाची होती

ही ओढ पोकळ नव्हती, हे आधी मान्य करायला हवं. इलेक्ट्रिक मोटर शून्य फेऱ्यांपासूनच जवळजवळ पूर्ण टॉर्क, म्हणजे चाकं फिरवण्याचा जोर, देते. गिअर खाली टाकायचा, टर्बो भरायची वाट पाहायची, असं काही नाही. गंगापूर-नेवासा पट्ट्यात ऊस हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्ता अडवून चालतात. त्यांच्या मागे अडकलेल्या गाडीला समोरचा रस्ता मोकळा दिसला की ताशी ५० वरून १०० वर जायला दोन-अडीच सेकंद लागतात. म्हणजे समोरच्या लेनमध्ये घालवायचा वेळ डिझेल एसयूव्हीपेक्षा बराच कमी. स्पोर्ट्स कारचा वेग इथे चैनीपेक्षा सुरक्षिततेच्या कामी येतो. शंभर गाठण्याच्या सेकंदांची जाहिरात होते, पण रोजच्या वापरात उपयोग होतो तो या मधल्या वेगाचा.

दुसरं म्हणजे बॅटरी तळाशी असल्यानं गुरुत्वमध्य अगदी खाली असतो, त्यामुळे वळणावर गाडी फारशी झुकत नाही. तिसरं, मे महिन्यात ४२ अंशांत इंजिन न चालवता, धूर न करता, केबिन आधीच गार करून ठेवता येते. हे सुख ज्यानं वाळूजच्या उघड्या पार्किंगमध्ये दुपारी गाडीचं दार उघडलं आहे त्यालाच कळेल. शिवाय गाडी बहुतेक वेळा मोटरच्या उलट्या ओढीनंच थांबते, त्यामुळे ब्रेक पॅड फारसे झिजत नाहीत.

करांचाही भाग होता. इलेक्ट्रिक गाड्यांवर जीएसटी ५ टक्के आणि महाराष्ट्रात मोटार वाहन कर माफ. नवीन गाडीची किंमतच त्यामुळे तशाच ताकदीच्या पेट्रोल गाडीपेक्षा कमी पडते आणि जुन्या बाजारातला भावही त्याच पायावर ठरतो.

अडचण एक : हिवाळ्यात चालणारा चार्जर एप्रिलमध्ये बंद

घरी थ्री फेज जोडणी होती, मंजूर भार १० किलोवॉट. ११ किलोवॉटचा चार्जर लावायचा तर तोच मंजूर भारापेक्षा जास्त, वर दोन एसी आणि बोअरची मोटर. भार १८ किलोवॉटपर्यंत वाढवून घेतला. मीटरपासून २२ मीटरवर चार्जर, सहा चौरस मिलिमीटरची चार कोरची आर्मर्ड तांब्याची केबल, जादा प्रवाह आला की तुटणारी २० अँपिअरची एमसीबी आणि वीज गळली की पुरवठा तोडणारी ३० मिलिअँपिअरची चार पोलची आरसीसीबी. हा चार्जर प्रत्येक फेजवर १६ अँपिअर ओढतो. इथपर्यंत काम नीट झालं होतं.

नोव्हेंबर ते मार्च एकही तक्रार आली नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून रात्री चार्जिंग मध्येच तुटू लागलं आणि चार्जरवर अर्थ फॉल्टचा लाल दिवा लागू लागला. गाडीत दोष आहे असा समज झाला आणि तीन आठवडे त्यातच गेले.

मोजमाप केल्यावर दोन गोष्टी निघाल्या. घराचा अर्थिंगचा खड्डा दहा वर्षं जुना होता, जेमतेम दीड मीटर खोल, वर काळी माती आणि खाली मुरूम. पावसाळ्यानंतर ओल असते तोवर तो निभावून नेतो. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, पट्टीपासून सुटते आणि रोध चढतो. एप्रिलअखेरीस तो ११ ओम भरला. घरगुती चार्जरसाठी तो ५ च्या आत, शक्यतो २-३ ओम असावा. दुसरी गोष्ट, दोन्ही एसी आणि गीझर एकाच फेजवर होते. भार असा एकीकडे कलला की न्यूट्रलमधून प्रवाह जातो, आणि मीटरजवळचा न्यूट्रलचा सांधाही ढिला होता. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात रात्री नऊ वाजता ९ व्होल्ट दिसत होते. एसी चालू नसलेल्या हिवाळ्यात हा दोष दिसलाच नसता.

इथे पहिला खरा निर्णय आला. एका वायरमननं सुचवलं की चार्जरच्या आत न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकू, लाल दिवा जाईल. दिवा गेलाही असता. पण त्यानंतर न्यूट्रल कुठे तुटला तर गाडीच्या धातूच्या अंगावर थेट फेजचा दाब येतो, आणि पावसात उभं राहून दाराला हात लावणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. ही जोडणी अनेक घरांत केलेली आढळते, म्हणून ठासून सांगायला हवं : चार्जर अर्थिंगची तक्रार करतो तेव्हा तो आपलं काम करत असतो, त्याला गप्प करू नये. सुचवणं नाकारलं गेलं, हे या प्रकरणातलं सर्वांत चांगलं पाऊल.

उपाय असा झाला. तीन मीटर लांबीचे दोन इलेक्ट्रोड एकमेकांपासून तीन मीटरवर, भोवती ओल धरून ठेवणाऱ्या बेंटोनाइट मातीचं मिश्रण, दोन्ही तांब्याच्या पट्टीनं जोडलेले. न्यूट्रलचा सांधा नवा केला, एसी दोन वेगळ्या फेजवर घेतले. नंतरचं मोजमाप २.१ ओम आणि न्यूट्रल-अर्थ दीड व्होल्ट. मे महिन्यात दर पंधरा दिवसांनी खड्ड्यात दोन बादल्या पाणी. संध्याकाळी सात ते दहा एका फेजवरचा दाब १९५ व्होल्टपर्यंत उतरत होता, म्हणून चार्जिंगची वेळ रात्री साडेअकरानंतरची लावली. एकूण खर्च चाळीस हजारांच्या आत.

अडचण दोन : गतिरोधक, खड्डा आणि टायरची कड

गाडीचा तळ जमिनीपासून १२८ मिलिमीटरवर, सस्पेन्शन उचललं तर १४८. भारतीय रोड काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, तसा असेल तर ही गाडी सहज जाते. गावाच्या वेशीवरचा गतिरोधक मोजला तेव्हा १७ सेंटिमीटर उंच आणि जेमतेम ९० सेंटिमीटर रुंद निघाला. पुढच्या आणि मागच्या चाकांत २.९ मीटर अंतर असलेल्या गाडीची चारही चाकं अशा वेळी जमिनीवर असतात आणि गतिरोधक बरोबर पोटाखाली येतो. गाडी कितीही हळू नेली, तिरपी घातली, तरी १४८ खालून १७० जात नाहीत.

जूनमध्ये पेरणीच्या वेळी गाडी गावाकडे नेली तेव्हा तळाचं आवरण घासलं आणि सहा क्लिपा तुटल्या. बॅटरीच्या केसिंगवर ओरखडा आहे का, हे पाहायला गाडी पुण्याला लिफ्टवर न्यावी लागली. संभाजीनगरात त्या कंपनीचं, उच्च दाबाच्या बॅटरीचं काम करणारं केंद्र नव्हतं. केसिंग शाबूत निघालं. बॅटरीच्या पेटीला खोल पोचा बसला असता तर दुरुस्तीचा खर्च आणि विम्याचा वाद दोन्ही वेगळ्याच पातळीवर गेले असते, म्हणून तपासणी टाळली नाही हे योग्यच.

त्यानंतर जुलैतली रात्र. चाकणहून परतताना नेवासा फाट्याच्या अलीकडे पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात पुढचं डावं चाक गेलं आणि टायरची कड फाटली. पुढे २६५/३५ आर २१, म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यात फक्त ९३ मिलिमीटर रबर. स्टेपनी नाही. सोबत दिलेला फेस बारीक छिद्र बुजवतो, फाटलेली कड नाही. नेहमीच्या क्रेननं पुढची चाकं उचलून ओढताही येत नाही, कारण दोन्ही धुरांवर मोटरी आहेत. चाकं फिरली की चुंबकी मोटर वीज तयार करते आणि मोटरला वीज पुरवणारा इन्व्हर्टर बिघडू शकतो. अख्खी गाडी पाठीवर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रकच लागतो. तो अहिल्यानगरहून अडीच तासांनी आला, आणि गाडी इतकी खाली की उतारावर फळ्या टाकून चढवावी लागली. त्या मापाचा टायर मिळायला चार दिवस लागले.

अडचण तीन : २७० किलोवॉट कागदावर

८०० व्होल्टच्या गाडीचा सर्वांत मोठा गाजावाजा जलद चार्जिंगचा असतो. ही गाडी २७० किलोवॉटपर्यंत घेऊ शकते. पण वाटेत जे चार्जर होते त्यातले बहुतेक ६० किलोवॉटचे. त्यावर १० वरून ८० टक्के म्हणजे सुमारे ५९ युनिट, तासभर. काही ठिकाणी १२० किलोवॉट लिहिलेलं असतं, पण दोन गन (गाडीत खोचायचे प्लग) असतात आणि दुसरी गाडी लागली की प्रत्येकाला ६०. काही जुने चार्जर ५०० व्होल्टपर्यंतच देतात. तिथे गाडी आतल्या यंत्रणेनं दाब वाढवून घेते आणि चार्जिंगचा वेग ५० किलोवॉटवर अडकतो.

महामार्गावरचा वेग आणि उन्हाळा यांनी आणखी कातरी लावली. समृद्धी महामार्गावर ताशी १२० ची मर्यादा आहे. त्या वेगानं हवेचा रोध १०० च्या तुलनेत १.४४ पट होतो आणि शंभर किलोमीटरला २० ऐवजी २५-२६ युनिट जातात. ८४ युनिटांचे ४२० किलोमीटर ३३० वर येतात. त्यात मेच्या दुपारी तापलेली बॅटरी उघड्यावरच्या चार्जरला लावली की ६० किलोवॉटचे ३८ होतात, कारण गाडी आधी बॅटरी गार करते. मुंबईच्या पहिल्या उन्हाळी फेरीत ५० मिनिटांचा अंदाज धरलेला थांबा दीड तासाचा झाला. गाडीत बिघाड नव्हता. तिनं बॅटरी वाचवली.

ऑगस्ट २०२५ : चार पर्याय

नऊ महिन्यांनी गाडी आठवड्यातून दोन दिवस निघत होती. घरात विकण्याची चर्चा सुरू झाली.

पहिला पर्याय विकून टाकण्याचा. भाव ८० लाखांचा आला, म्हणजे नऊ महिन्यांत १६ लाख गेलेले. दुसरा, ती विकून उंच इलेक्ट्रिक एसयूव्ही घेण्याचा. महिंद्रा बीई ६ ची ७९ युनिटांची आवृत्ती तोवर बाजारात होती, जमिनीपासून उंची २०७ मिलिमीटर, किंमत या गाडीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. निव्वळ हिशेबानं हाच पर्याय सर्वांत सरस होता आणि तसं स्पष्ट सांगितलं गेलं. तिसरा, नवी दोन आसनी एमजी सायबरस्टर. जुलै २०२५ मध्ये ती ७४.९९ लाखांना आली, ७७ युनिटांची बॅटरी, ३.२ सेकंदांत शंभर. पण खाली बसण्याचा प्रश्न तोच, वर आईवडिलांना जागाच नाही. तो पटकन बाजूला पडला. चौथा, आहे तीच गाडी ठेवून तिच्याभोवतीची व्यवस्था बदलण्याचा.

चौथा निवडला, सहा महिन्यांच्या मुदतीवर. कारण भावनिक होतं आणि ते लपवलं नाही, हे बरं. मुलाला ही गाडी चालवायला मनापासून आवडत होती. त्या आनंदाला किती पैसे द्यायचे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, पण तो इंधनबचतीच्या नावाखाली मांडू नये. आकडे पाहा. घरच्या विजेचा वापर पाचशे युनिटांच्या वर गेल्यानं वरच्या टप्प्याचा दर सोळा-सतरा रुपयांच्या आसपास पडत होता. चार्जिंगमधली गळती धरून शंभर किलोमीटरला २२ युनिट, म्हणजे किलोमीटरला साडेतीन-पावणेचार रुपये. डिझेल एसयूव्हीला आठ-सव्वाआठ. वर्षाला १५ हजार किलोमीटर धरले तर बचत सत्तर हजारांच्या आत. नऊ महिन्यांत १६ लाखांनी उतरलेल्या गाडीपुढे हा आकडा निर्णयाचा आधार होऊ शकत नाही.

काय केलं

सर्वांत उपयोगी बदल चाकांचा. कंपनीनं त्या मॉडेलसाठी मान्य केलेली १९ इंची चाकं घेतली, पुढे २२५/५५, मागे २७५/४५. टायरची कड ९३ वरून १२४ मिलिमीटर झाली, म्हणजे खड्ड्याची धार रिमपर्यंत पोचायला तीन सेंटिमीटर जास्त रबर. टायरचा घेर किंचित मोठा असल्यानं तळही पाच-सात मिलिमीटर वर गेला. घेण्याआधी दोन गोष्टी तपासल्या : ब्रेकचा कॅलिपर (डिस्क पकडणारा भाग) १९ इंची रिममध्ये बसतो का (मोठ्या डिस्कच्या आवृत्त्यांत बसत नाही), आणि गाडीच्या प्रणालीत नवा टायर प्रकार नोंदवता येतो का. नोंद केली नाही तर हवेच्या दाबाची सूचना चुकते. वळणावरची धार थोडी बोथट झाली, हे मान्य. पुढचा टायर अरुंद झाल्यानं वीज मात्र शंभर किलोमीटरला एक-दीड युनिट कमी लागू लागली.

दुसरा चार्जर कारखान्यात. छतावर सौर पॅनेल आधीच होते, गाडी दिवसभर तिथेच उभी असते, आणि कारखान्याची अर्थिंग यंत्रांमुळे नियमित तपासली जाते. आता निम्म्याहून जास्त चार्जिंग दिवसा तिथे होतं. रोज ८० टक्क्यांवर थांबायचं, १०० फक्त लांबच्या सकाळी आणि निघण्याच्या तासभर आधी पूर्ण होईल असं. उन्हात भरलेली बॅटरी उभी ठेवणं तिचं आयुष्य कमी करतं.

चाकणच्या फेरीसाठी नियम केला. पहाटे १०० टक्क्यांवर निघायचं, ९० ते १०० च्या वेगानं २३५ किलोमीटरला ४६-४८ युनिट जातात, चाळीस टक्क्यांच्या वर शिल्लक घेऊन पोचायचं. ग्राहकाच्या आवारात घरच्यासारखा संथ चार्जर आहे, बैठकीच्या पाच तासांत गाडी पुरती भरते. वाटेत थांबणंच नाही. मुंबईला जाताना समृद्धीवर ११० ठेवायचे आणि मेमध्ये दुपारी बारा ते चार चार्जिंग टाळायचं. राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात समृद्धीवर टोलमाफी आहे.

गावाची फेरी पूर्णपणे एसयूव्हीकडे गेली.

निष्पत्ती

पुढच्या सहा महिन्यांत वाटेत अडकण्याचा एकही प्रसंग आला नाही. पावसाळ्याचा उरलेला भाग आणि परतीचा पाऊस १९ इंची टायरनं काढला. चार्जर एकदाही तुटला नाही, पण अर्थिंगची खरी परीक्षा पुढच्या मेमध्येच होईल. मागचे टायर लवकर बदलावे लागले. सव्वादोन टन आणि एवढा टॉर्क असला की ते टळत नाही. एकदा गाडी तीन आठवडे उभी राहिली आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरली. मोठी बॅटरी भरलेली असूनही दार उघडेना. आता लांबच्या सुट्टीत देखभाल चार्जर जोडून ठेवतात.

न सुटलेली एक गोष्ट राहिली. वडिलांच्या गुडघ्याला त्रास आहे आणि इतक्या खालच्या आसनात बसणं-उठणं त्यांना होत नाही. कुठल्याही सुट्या भागानं हे बदलत नाही. ते त्या गाडीत बसत नाहीत.

मुदत संपल्यावर गाडी ठेवायचं ठरलं, “घरची गाडी” म्हणून नव्हे तर मुलाची म्हणून. घरची गाडी एसयूव्हीच राहिली.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम उलटा हवा होता. टोकन देण्याआधी तीन मोजमापं, खर्च जवळजवळ शून्य. नेहमीच्या वाटेवरचा प्रत्येक गतिरोधक सरळ काठी आणि टेपनं मोजायचा, गाडीच्या उचललेल्या उंचीपेक्षा दोन सेंटिमीटर कमी नसेल तर ती वाट त्या गाडीची नाही. घराच्या अर्थिंगचा रोध उन्हाळ्यात मोजायचा. हिवाळ्यात मोजलात तर आकडा दुप्पट धरून विचार करा. आणि चार्जरची यादी किलोवॉट, गनची संख्या आणि सावली या तिन्हींसह लिहायची. ‘अमुक ठिकाणी चार्जर आहे’ एवढी माहिती पुरत नाही.

जुनी गाडी घेताना बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल मागितला गेला नाही. तो नंतर पुण्यातल्या तपासणीत मिळाला आणि समाधानकारक निघाला. बॅटरीची हमी साधारण आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर असते. ती दुसऱ्या मालकाकडे जाते का आणि त्यासाठी सेवा नोंदी अखंड लागतात का, हे लेखी घ्यायला हवं होतं. चाकांचं बोलणंही तेव्हाच करायचं : सौद्याच्या वेळी विक्रेत्याकडून १९ इंची संच मागता आला असता. नंतर तो पूर्ण किमतीला घ्यावा लागला, आणि २१ इंचीची चार चाकं आज कारखान्याच्या स्टोअरमध्ये गिऱ्हाइकाची वाट पाहत पडून आहेत.